बैल, बटण आणि वेसण

१९७४ साली अमेरिकेत 'द टर्मिनल मॅन' नावाचा एक चित्रपट प्रदर्शित झाला. मायकेल क्रायटन यांच्या १९७२ सालच्या कादंबरीवर तो बेतलेला होता. पुढे 'जुरासिक पार्क'मुळे जगभर पोचलेले लेखक ते हेच. क्रायटन यांनी १९६९ साली हार्वर्ड विद्यापीठाची वैद्यकाची पदवी घेतली होती. त्यामुळे त्यांच्या कथेतील शस्त्रक्रिया आणि उपकरणे ही निव्वळ कल्पनेतून आलेली नव्हती.

कथा थोडक्यात अशी. हॅरी बेन्सन हा संगणकतज्ज्ञ आहे. एका अपघातानंतर त्याला अपस्माराचे झटके येऊ लागतात आणि त्या अवस्थेत तो माणसांवर हिंस्र हल्ले करतो. शुद्धीवर आल्यावर त्याला काहीही आठवत नाही. डॉक्टर त्याच्या मेंदूत चाळीस इलेक्ट्रोड बसवतात आणि ते शरीरात ठेवलेल्या छोट्या संगणकाला जोडतात. झटका येणार अशी चिन्हे दिसताच संगणकाने नेमक्या इलेक्ट्रोडमधून विद्युतस्पंद सोडायचा आणि झटका मोडून काढायचा, अशी ही योजना. पण हा स्पंद बेन्सनला सुखद वाटतो. मग त्याचा मेंदू ते सुख मिळवण्यासाठी झटके घडवू लागतो. दोन झटक्यांमधील अंतर कमी कमी होत जाते, बेन्सन रुग्णालयातून पळतो आणि पुढे व्हायचा तो अनर्थ होतो.

या कथेत बाहेरचा घुसखोर कोणी नाही. बेन्सनच्या डोक्यातील यंत्राला फसवतो तो त्याचाच मेंदू. बाहेरून कोणी मेंदूत शिरते ही कल्पना नंतरच्या चित्रपटांनी लोकप्रिय केली. १९९५ सालच्या 'घोस्ट इन द शेल' या जपानी चलच्चित्रपटात संगणकाला जोडलेल्या मेंदूंमध्ये शिरून माणसांना खोट्या आठवणी दिल्या जातात. असे चित्रपट पाहून आलेले विद्यार्थी वर्गात हमखास विचारतात, "सर, खरेच असे करता येते का?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. मेंदूला विजेची तार जोडण्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. त्यात डोकावले की दोन गोष्टी वेगळ्या करता येतात : विजेने मेंदूचे काय करता येते, आणि ती वीज सोडण्याचे बटण कोणाच्या हातात असते.

कोर्दोबाचा बैल

या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग स्पेनमधला आहे. १९६३ साली कोर्दोबा येथील एका बैलपालकाच्या रिंगणात खोसे देल्गादो हे शास्त्रज्ञ उतरले. देल्गादो मूळचे स्पेनमधील रोंदा गावचे, जन्म १९१५ चा. त्या काळी ते अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करीत. त्यांच्यासमोर झुंजीसाठी वाढवलेला बैल होता. बैलाच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते आणि ते रेडिओसंदेश स्वीकारणाऱ्या एका छोट्या यंत्राला जोडलेले होते. देल्गादोंच्या हातात होता तो संदेश पाठवणारा प्रेषक.

बैल त्यांच्या अंगावर धावून आला. तो अगदी जवळ येताच देल्गादोंनी बटण दाबले. बैल थबकला आणि एका बाजूला वळला.

मे १९६५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. विजेने प्राण्याचा राग घालवता येतो, असा तिचा अर्थ लोकांनी लावला. देल्गादो यांनाही हे संशोधन फार दूरवर जाईल असे वाटत होते. १९६९ साली त्यांनी 'फिजिकल कंट्रोल ऑफ द माइंड' हे पुस्तक लिहिले. मेंदूचे ज्ञान वापरून अधिक समंजस, कमी हिंसक समाज घडवता येईल, असा त्यात विश्वास होता. वाचकांपैकी अनेकांना मात्र त्यातून एखाद्या हुकूमशहाच्या हाती आलेला प्रेषक दिसला.

देल्गादो यांनी माकडांवरही प्रयोग केले. माकडांच्या एका टोळीतील दांडगट म्होरक्याच्या मेंदूत त्यांनी इलेक्ट्रोड बसवले आणि त्याचे बटण पिंजऱ्यातच एका तरफेला जोडले. एक माकडीण लवकरच शिकली : म्होरक्या अंगावर आला की तरफ दाबायची, म्हणजे तो नरमतो. पुढे एका चिंपांझीच्या बाबतीत त्यांनी माणसाचा हातही वगळला. मेंदूच्या अमिग्डला या भागात विशिष्ट विद्युतलहरी उमटल्या की संगणक त्या ओळखे आणि दुसऱ्या एका भागात अप्रिय संवेदना देणारा स्पंद सोडे. दोन तासांत त्या लहरींचे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणजे मेंदू शिकत होता. क्रायटन यांच्या कथेतील यंत्राचा हाच आराखडा आहे. फक्त तेथे अप्रियाच्या जागी सुख आहे.

त्याआधीची नव्वद वर्षे

देल्गादो काही आकाशातून पडले नव्हते. १८७० साली बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिच आणि एडवर्ड हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला. प्रयोगशाळेत जागा नसल्याने हे प्रयोग हिट्झिग यांच्या घरीच झाले. एका ठिकाणी स्पर्श केला की विरुद्ध बाजूचा पुढचा पाय हले, दुसऱ्या ठिकाणी केला की मागचा. मेंदूचे वेगवेगळे भाग वेगवेगळी कामे करतात याला यातून भक्कम पुरावा मिळाला.

अवघ्या चार वर्षांनी, १८७४ साली, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरांनी हाच प्रयोग माणसावर केला. व्रणामुळे कवटीला भोक पडलेली एक मोलकरीण त्यांच्या रुग्णालयात होती. तिच्या मेंदूत त्यांनी सुया खुपसून प्रवाह सोडला. तिचे हातपाय आखडले. प्रवाह वाढवल्यावर तिला जोराचा झटका आला आणि काही दिवसांत ती मरण पावली. बार्थोलो यांच्यावर व्यवसायबंधूंनीच कडक टीका केली आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. मेंदूच्या विद्युतउद्दीपनाचा मानवी इतिहास असा एका गरीब, असहाय बाईपासून सुरू होतो, हे विसरता कामा नये.

विसाव्या शतकात झुरिचचे वाल्टर हेस यांनी मांजरांच्या मेंदूत खोलवर बारीक तारा बसवण्याचे तंत्र विकसित केले. तारा बसवलेली मांजरे शुद्धीवर येऊन मोकळी हिंडत असताना हायपोथॅलॅमसच्या एका भागाला उद्दीपित केले की ती फिसकारत, अंगावर येत. या कामासाठी हेस यांना १९४९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी पारितोषिकाचा दुसरा अर्धा भाग मनोरुग्णांच्या मेंदूतील जोडण्या कापण्याची शस्त्रक्रिया सुरू करणाऱ्या पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना मिळाला. ती शस्त्रक्रिया पुढे वैद्यकाला लाजिरवाणी ठरली.

या परंपरेत एक भारतीय नावही आहे. बाळकृष्ण आनंद यांनी येलमध्ये जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत १९५१ साली हायपोथॅलॅमसमधील भुकेचे केंद्र शोधले. १९५३ साली आनंद आणि देल्गादो यांचा एकत्रित शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. त्या केंद्राला विजेने उद्दीपित केल्यास प्राणी अधिक खातो, हे त्यात दाखवले होते. आनंद यांनी पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला.

१९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांवर केलेला प्रयोग तर फारच गाजला. मेंदूच्या एका भागात इलेक्ट्रोड बसवलेल्या उंदराला पट्टी दाबून स्वतःला स्पंद देता येई. उंदीर पट्टी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. पुढच्या प्रयोगांत काही उंदरांनी ती तासाला हजारो वेळा दाबली. बेन्सनची शोकांतिका म्हणजे याच उंदराची गोष्ट.

बैल का थांबला?

आता पुन्हा रिंगणात येऊ. बैल थांबला हे सर्वांनी पाहिले. पण तो का थांबला?

आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. बैलाची वेसण ओढली की तो थांबतो आणि ज्या बाजूला ओढ असेल त्या बाजूला मान वळवतो. म्हणून कोणी असे म्हणत नाही की बैलाचा स्वभाव निवळला. देल्गादो यांचे इलेक्ट्रोड बैलाच्या कॉडेट न्यूक्लियस या भागात होते. या भागाचा हालचालींच्या नियंत्रणाशी निकटचा संबंध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट व्हॅलेन्स्टाइन यांनी १९७३ साली 'ब्रेन कंट्रोल' या पुस्तकात नेमका हाच मुद्दा मांडला. बैल शांत झाला असे या प्रयोगातून सिद्ध होत नाही. त्याला एका बाजूला वळण्यास भाग पाडले गेले आणि तो गोंधळला, असे म्हणणे पुराव्याला अधिक धरून आहे. देल्गादो यांचे म्हणणे असे की, हालचालीवरचा परिणाम आणि आक्रमकतेला पडलेला आळा, हे दोन्ही त्यात मिसळलेले होते. वाद कसाही मिटवा, बातमीत छापलेला निष्कर्ष प्रयोगापेक्षा बराच मोठा होता, हे मान्य करावे लागते.

प्रयोग काय घडले ते दाखवतो. का घडले ते दाखवण्यासाठी आणखी प्रयोग लागतात. रागच गेला असेल तर पायांच्या हालचालीवर परिणाम न होताही बैल शांत राहायला हवा. हे तपासल्याशिवाय 'राग' हा शब्द वापरता येत नाही. विद्यार्थ्यांना वैज्ञानिक पद्धती शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मेंदूत राग, स्मृती, प्रेम अशी एकेक कळ बसवलेली नसते. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. रुग्णांमध्ये खोल मेंदूउद्दीपनासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित इलेक्ट्रोडच्या टोकावरील प्रत्येक धातूचा पट्टा सुमारे दीड मिलिमीटर लांबीचा असतो. त्यातून निघालेला स्पंद एकाच वेळी हजारो पेशींना आणि त्यांच्या जवळून जाणाऱ्या तंतूंना चाळवतो. बोटाने पेटी वाजवणे आणि संपूर्ण तळहात पट्ट्यांवर आपटणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. तळहाताने आवाज निघेल, मोठा निघेल; पण ठरवलेला राग निघणार नाही. एखादी रचलेली खोटी आठवण अशा तारेतून मेंदूत घालणे म्हणूनच शक्य नाही.

याची दुसरी बाजू कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्या अनुभवातून कळते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत ते जाग्या रुग्णाच्या मेंदूला जागोजागी इलेक्ट्रोड लावून पाहत. त्यामुळे रुग्णाचा हात हले. पण विचारल्यावर रुग्ण सांगत, की हात आम्ही हलवला नाही, तुम्ही हलवलात. हात परक्याच्या ताब्यात गेला आहे हे ओळखणारा 'मी' त्या क्षणी शाबूत होता.

बॉस्टनमधील एक संमती

हा 'मी' नेहमीच शाबूत राहतो का? याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे.

१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत डेट्रॉइट आणि इतर शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत मोठ्या दंगली झाल्या. त्याच वर्षी बॉस्टनच्या व्हर्नन मार्क, विल्यम स्वीट आणि फ्रँक अर्विन या तीन डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक पत्र लिहिले. गरिबी आणि बेकारी तर वस्तीतल्या सर्वांनाच आहे, मग दंगल थोडेच का करतात? अशा थोड्यांच्या मेंदूत काही बिघाड असेल का, हे तपासावे, असा त्यांचा सूर होता. भेदभाव, पोलिसांची वागणूक, घरांची अवस्था हे सारे प्रश्न बाजूला ठेवून दंगलीचे मूळ डोक्यात शोधणारी ही विचारसरणी होती. १९७० साली मार्क आणि अर्विन यांचे 'व्हायोलन्स अँड द ब्रेन' हे पुस्तक आले.

त्या पुस्तकात टोपणनावाने आलेला एक रुग्ण आहे. हा एक हुशार अभियंता. त्याला अपस्मार होता आणि रागाचे तीव्र झटके येत. त्याच्या दोन्ही बाजूंच्या अमिग्डलांमध्ये इलेक्ट्रोड बसवले गेले. एका विशिष्ट बिंदूला उद्दीपित केले की त्याला शांत, सैल वाटे. अमिग्डलाचा काही भाग जाळून नष्ट करण्याचा प्रस्ताव डॉक्टरांनी त्याच्यापुढे या अवस्थेत मांडला, तेव्हा तो तयार झाला. काही तासांनी उद्दीपनाचा परिणाम ओसरला आणि तीच कल्पना ऐकून तो भडकला, त्याने नकार दिला. पुढे त्याची समजूत घालून शस्त्रक्रिया करण्यात आली. ही हकीगत डॉक्टरांनी स्वतःच नोंदवली आहे.

यातील कोणती संमती खरी? इलेक्ट्रोड चालू असताना दिलेली, की बंद असताना नाकारलेली? माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. येथे कोणी चोरून मेंदूत शिरलेले नव्हते. बटण ज्यांच्या हाती होते ते परवानाधारक, सुशिक्षित आणि बहुधा रुग्णाचे भलेच इच्छिणारे लोक होते.

पुस्तकात ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हटली आहे. टीकाकारांनी नंतर माग काढला तेव्हा तो रुग्ण स्वतंत्रपणे जगू शकत नसल्याचे आढळले. १९७३ साली कुटुंबाने डॉक्टरांवर खटला भरला. १९७९ साली ज्यूरीने डॉक्टरांना निर्दोष ठरवले. या प्रकरणात आणि बेन्सनच्या कथेत अनेकांना साम्य दिसले आहे. अपस्माराच्या रुग्णांना हिंस्र दाखवल्याबद्दल क्रायटन यांच्यावरही टीका झाली. पुढच्या आवृत्तीला जोडलेल्या मजकुरात त्यांनी मेंदूची इजा आणि हिंसा यांचा संबंध आपण समजत होतो तितका स्पष्ट नाही असे मान्य केले. अपस्माराचे बहुसंख्य रुग्ण हिंस्र नसतात, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे.

या वादांचा परिणाम झाला. १९७४ साली अमेरिकेत मानवी प्रयोगांतील व्यक्तींच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. मेंदूतील रोपणांवरचे काम पुढची काही वर्षे मंदावले.

कंपवाताच्या वाटेने

ते पुन्हा उभे राहिले ते मनावरील नियंत्रणाच्या स्वप्नातून नव्हे, तर थरथरणाऱ्या हातामुळे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम लुई बेनाबिद हे शल्यविशारद कंप थांबवण्यासाठी थॅलॅमसचा छोटा भाग जाळण्याची शस्त्रक्रिया करीत. भाग जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना, हे पाहण्यासाठी तेथे वीज देऊन बघत. १९८७ साली त्यांच्या लक्षात आले, की सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंद दिले तर कंप तत्काळ थांबतो आणि प्रवाह बंद करताच परत येतो. मग भाग जाळायचा कशाला? इलेक्ट्रोड तेथेच ठेवून छातीत कातडीखाली बॅटरी आणि स्पंदजनक बसवला तर पुरे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली कंपासाठी आणि २००२ साली पार्किन्सनच्या विकारासाठी या उपचाराला मान्यता दिली. जगभरात दीड लाखाहून अधिक रुग्णांना त्याचा लाभ झाला आहे. डॉ. बेनाबिद यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

बेन्सनच्या डोक्यातील यंत्रही आता कल्पनेत राहिलेले नाही. झटक्याची सुरुवात ओळखून आपोआप स्पंद देणारे, कवटीत बसवायचे उपकरण २०१३ साली अपस्मारासाठी मान्य झाले. चित्रपटात झटके वाढत गेले. प्रत्यक्षात नऊ वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांमध्ये ते मध्यकाच्या हिशेबाने सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. येथे स्पंद झटक्याच्या उगमाजवळ दिला जातो आणि रुग्णाला तो सहसा जाणवतही नाही. सुखाचे बक्षीसच नाही, म्हणून उंदराची गोष्ट घडत नाही.

कुलूप नसलेले दार

मग धोका संपला का? नाही. त्याची जागा बदलली.

छातीतील स्पंदजनकाची मात्रा डॉक्टरांना वेळोवेळी बदलावी लागते. त्यासाठी प्रत्येक वेळी कातडी कापणे योग्य नाही, म्हणून बिनतारी संपर्काची सोय केलेली असते. जेथे दार असते तेथे कुलूप लागते, हा विचार मात्र उशिरा झाला.

मे २००८ मध्ये अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्या एका गटाने याची चाचणी प्रसिद्ध केली. केविन फू, तादायोशी कोनो, विल्यम मेझेल हे त्यात होते. त्यांनी हृदयाचे ठोके सुरळीत ठेवणारे एक रोपण प्रयोगशाळेच्या टेबलावर घेतले. ते कोणाच्या शरीरात नव्हते. काही सेंटीमीटर अंतरावरून साध्या रेडिओसाधनांनी त्यांना त्यातील माहिती वाचता आली, त्यातील उपचार बंद करता आले आणि विजेचा धक्का देण्याची आज्ञाही देता आली. संदेश सांकेतिक रूपात दडवलेले नव्हते. २००९ साली कोनो आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील रोपणांकडे लक्ष वेधले. २०१६ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांच्या एका लेखात 'ब्रेनजॅकिंग' असा शब्दच वापरला गेला. २०१८ साली बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने एका प्रत्यक्ष मेंदूउद्दीपकाचा बिनतारी संवाद उलगडून दाखवला. तेथेही कुलूप आढळले नाही.

अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ साली एका मुलाखतीत सांगितले, की आपल्या हृदयातील उपकरणाची बिनतारी सोय डॉक्टरांनी २००७ सालीच बंद करवली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या संगणकप्रणालीत सुरक्षिततेसाठी सुधारणा करावी लागली. त्यासाठी रुग्णांना रुग्णालयात जावे लागले. कोणा रुग्णाला घुसखोरीमुळे इजा झाल्याची नोंद त्या वेळी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

अभियंत्यांना हे आधी का सुचले नाही, असे विचारणे सोपे आहे. कुलूप लावण्यात खरी अडचण आहे. परगावी बेशुद्ध पडलेल्या रुग्णाचे उपकरण तेथील अनोळखी डॉक्टरला तातडीने उघडता आले पाहिजे. तेथे संकेतशब्द कोण सांगणार? सांकेतिक भाषेच्या गणितासाठी बॅटरी खर्च होते आणि बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. शिवाय शरीरात बसवलेले यंत्र वर्षानुवर्षे तेच राहते, तर कुलूप फोडणाऱ्यांची साधने दरवर्षी सुधारतात. सुरक्षितता आणि सुलभता यांची ही ओढाताण आहे. काही वेळा तर घुसखोराचीही गरज नसे. जुन्या उद्दीपकांमध्ये चुंबकाने चालणारा खटका असे आणि दुकानाच्या दाराशी असणाऱ्या चोरीशोधक कमानीतून जाताना तो बंद पडल्याची उदाहरणे आहेत. कंपवाताच्या रुग्णाचा हात पुन्हा थरथरू लागला, की कारण कळायला वेळ लागे.

म्हणजे विद्यार्थ्यांना उत्तर असे देता येईल. उपकरणात घुसखोरी करणे शक्य आहे, हे दाखवले गेले आहे. घुसखोर आठवणी रचू शकणार नाही किंवा माणसाला कळसूत्री बाहुलीसारखा नाचवू शकणार नाही. पण तो उपचार थांबवू शकेल, वेदना देऊ शकेल, बॅटरी संपवू शकेल. वेसण ओढायला बैलाचे मन वाचावे लागत नाही.

किल्ली कोणाकडे?

शेवटचे उदाहरण डोळ्यांचे आहे. अंधत्व आलेल्यांच्या दृष्टिपटलावर साठ इलेक्ट्रोड बसवून त्यांना प्रकाशाचे आकार जाणवतील अशी योजना करणाऱ्या 'आर्गस २' या रोपणाला २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतले. २०१९ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले आणि २०२० साली बहुतेक कर्मचाऱ्यांना कमी केले. लोकांच्या डोळ्यांत यंत्र राहिले, पण ते दुरुस्त करणारे उरले नाहीत. येथे कोणी कुलूप फोडले नाही. किल्ली ज्याच्याकडे होती तो निघून गेला.

जानेवारी २०२४ मध्ये 'न्यूरालिंक' या कंपनीने १,०२४ इलेक्ट्रोड असलेले रोपण प्रथमच एका पक्षाघातग्रस्त माणसाच्या मेंदूत बसवले. तो केवळ विचाराने संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवू लागला. अशा यंत्रांकडे आशेने पाहणारे हजारो रुग्ण आहेत आणि त्यांची आशा रास्त आहे. म्हणूनच बैलाच्या त्या रिंगणातले प्रश्न पुन्हा विचारायला हवेत. चिली या देशाने २०२१ साली मेंदूच्या क्रियांतून मिळणाऱ्या माहितीच्या संरक्षणाचा उल्लेख आपल्या राज्यघटनेत केला. २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला, तिच्या उपकरणाने नोंदवलेली एका माजी संसद सदस्याच्या मेंदूची माहिती पुसण्याचा आदेश दिला. ही सुरुवात आहे.

वर्गात हा विषय निघाला तर फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत. बटण दाबल्यावर नेमके काय मोजले गेले? बटण कोणाच्या हातात होते? आणि ज्याच्या डोक्यात तार होती त्याला ते बंद करता येत होते का? कोर्दोबाच्या बैलाला, सिनसिनाटीच्या त्या मोलकरणीला आणि बॉस्टनच्या अभियंत्याला एकेक करून हे प्रश्न लावून पाहावेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी वेगळे येईल. तिसऱ्याचे उत्तर तिन्ही वेळा एकच येते.